कोऱ्या चिठ्ठ्या

खंदारे सर गेल्याची बातमी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा मी डबे भरत होते. हात धुऊन फोन बघेपर्यंत खाली चाळीस जणांचे जोडलेले हात येऊन पडले होते. कुणीतरी लिहिलं, 'शांत, संयमी, विद्यार्थीप्रिय शिक्षक.' मग पुढच्या सगळ्यांनी तेच तीन शब्द उचलले. सर शांत अजिबात नव्हते. त्यांचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा, आणि शेजारचा वर्ग माझा होता. संयमी होते का, ते मला ठरवता येत नाही. तिसऱ्या शब्दाबद्दल मात्र लिहायला हवं. तो एके काळी खरा होता, नंतर राहिला नाही, आणि तो खोटा पडला तो माझ्यामुळं.

आमची शाळा पिंगळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. एका लांब खोलीत प्लायवूडचे आडोसे घालून वर्ग केलेले. आडोसे छतापर्यंत पोचत नव्हते, त्यामुळं माझं व्याकरण त्यांच्या वर्गात आणि त्यांची समीकरणं माझ्या वर्गात येऊन पडायची. मी मराठीची, ते गणिताचे. अकरा वर्षं मी त्यांचं गणित ऐकलं. मी स्वतः शाळेत असताना जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या आडोशामागून कळलं.

सर बुटके. पँट पोटाच्या वर ओढून पट्टा आवळलेला. खडूचे तुकडे फेकवत नसत म्हणून शर्टाच्या खिशात ठेवायचे, त्यामुळं त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाचा तळ पांढरा. परभणीहून मोटारसायकलवर यायचे, तेही हेल्मेट घालून. त्या रस्त्यावर हेल्मेट घालणारे ते एकटे, म्हणून पोरं त्यांना लांबूनच ओळखायची आणि वर्गात पळायची. हजेरीच्या मस्टरवर सही करताना घड्याळात बघून खरी वेळ टाकायचे. उशीर झाला तर उशीर लिहायचे. मग त्यांच्याखाली सही करणाऱ्यांची पंचाईत व्हायची. मी त्यातलीच.

"कळलं न्हाई असं म्हणू नका," ते वर्गात ओरडायचे. "कुठं कळंना गेलं ते सांगा. बोट ठिवा त्याच्यावर. बोट ठिवा!"

पण पोरं बोट ठेवत नव्हती. एका वर्षी आठवीच्या घटक चाचणीत सगळ्या वर्गाचं एकच उदाहरण चुकलं. सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर धपकन बसले.

"बाई, महिनाभर हे पोरं मला 'हो सर' म्हणायलेत. त्रेचाळीस जण. येतंय एकाला बी न्हाई. मग हे 'हो' कुणाला म्हणायलेत?"

"तुम्हाला," मी म्हणाले.

"मला न्हाई. घंटीला."

पुढच्या शनिवारी ते बिस्किटांचा एक पत्र्याचा चौकोनी डबा घेऊन आले. झाकणाला छिन्नीनं फट पाडलेली. नियम त्यांनी मोठ्यानं सांगितले, म्हणून मलाही पाठ झाले. गणितातलं अडलेलं किंवा सरांचं चुकलेलं, काहीही लिहायचं. नाव घालायचं नाही. चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची, लिहायचं नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे कोण लिहितं आणि कोण लिहीत नाही हे शेजाऱ्यालाही कळणार नाही. आणि लिहायचं डाव्या हातानं.

"सर, मी डावखुराच हाय," एक पोरगा म्हणाला.

"मग तू उजव्यानं लिव. आता सांगितलंस ते इसरलो मी."

डाव्या हाताचं कारण सरळ होतं. गावातली शाळा. कुणाचं अक्षर कसं हे आम्हा शिक्षकांना वह्या तपासून तपासून पाठ असतं, पाठमोऱ्या माणसाच्या चालीसारखं. सरांनी वर्गाला शब्द दिला होता: "कोणी लिवलं ते मी शोधणार न्हाई, अन् कोणाला शोधू देणार न्हाई." हे वाक्य मी आडोशाच्या अलीकडून ऐकलं आहे. पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

पहिल्या काही शनिवारी पोरांनी हात साफ करून घेतला. 'सर तुमच्या तोंडाला सुपारीचा वास येतो.' सरांनी ती मोठ्यानं वाचली, खिशातली सुपारीची डबी काढून खिडकीतून भिरकावली, आणि मधल्या सुट्टीत जाऊन शोधून आणली. पण वर्गात पुन्हा खाल्ली नाही. 'तुम्ही फळ्याला शिकवता, आम्हाला नाही.' तेव्हापासून ते एक ओळ लिहायचे आणि पूर्ण वळायचे, कवायतीसारखे. 'तुम्ही समजलं का विचारता तेव्हा तुमचा हात डस्टरवर असतो.' नंतर 'समजलं का' हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. 'कुठपर्यंत आलाव?' असं विचारायचे, रस्त्यातल्या माणसाला विचारावं तसं.

एकदा चिठ्ठी आली, 'मागं बसणाऱ्यांनी गणित सोडलं तरी चालतं का?' सर चिडले. मग अख्खा तास शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि एका पोरीला फळ्यावर उभं केलं. तिथून त्यांना दिसलं की दुपारचं ऊन फळ्यावर पडतं आणि मागच्या तीन रांगांना अर्धा फळा नुसता चकाकताना दिसतो. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन, शिपाईमामांना हाताशी घेऊन त्यांनी फळा काढला आणि बाजूच्या भिंतीवर ठोकला. मुख्याध्यापक तणतणत आले.

"खंदारे, परवानगी कुणाची घेतली?"

"पोरांची अडचण व्हती, सर."

"पोरं काय, काहीही लिहितील. उद्या माझ्याबद्दल लिहितील!"

"लिवलंय, सर. वाचू का?"

मुख्याध्यापकांनी फळा राहू दिला.

दुसऱ्या शिक्षकांबद्दलच्या चिठ्ठ्या ते वर्गात वाचत नसत. घडी करून खिशात, खडूंच्या सोबत. मग चार दिवसांनी त्या शिक्षकाला फाट्यावर चहाला न्यायचे. पीकपाणी, बदल्या, लग्नकार्य असं सगळं बोलून झालं की कप ठेवता ठेवता म्हणायचे, "ते पोरं तुमच्या भूगोलाला नकाशा मागायलेत म्हणं." एवढंच. भूगोलाच्या सरांनी नकाशे बाहेर काढले, आणि आपल्यालाच ते सुचलं अशा थाटात मिरवले. खंदारे सरांनी मिरवू दिलं.

त्यांना येत नसेल ते ते सरळ सांगत. 'ऋण गुणिले ऋण धन का?' अशी एक चिठ्ठी आली होती. सर म्हणाले, "तसं होतं हे मला म्हायती हाय. का होतं ते मला बी कोणी सांगितलं न्हाई. सोमवारपर्यंत मुदत द्या." रविवारी परभणीत कॉलेजच्या एका प्राध्यापकाकडं जाऊन बसले. सोमवारी आडोशामागून ऐकू आलं: "आपल्या टाकीतलं पाणी रोज दोन वीत कमी होतं. रोजचं किती? ऋण दोन. तीन दिवसांमागं जायचं. मागं म्हणजे ऋण तीन. तवा पाणी आजच्यापेक्षा किती व्हतं?" आणि माझ्या वर्गातली नववीची पोरं, अलंकार सोडून, एका सुरात म्हणाली, "सहा वीत जास्त!" मी त्यांना दटावलं. पण ते मला पहिल्यांदाच कळलं होतं.

काही महिन्यांत त्या आठवीचा वर्ग असा झाला की तास संपल्याची घंटा पोरांनाच नकोशी व्हायची. चिठ्ठ्यांतले गणिताचे प्रश्न हळूहळू तोंडी यायला लागले. डब्याची गरज संपेल, असं सर म्हणायचे. "डबा कायमचा ठिवायचा न्हाई बाई. पोरं तोंडानं बोलायला लागली की त्याच्यात माझी बायको डाळ ठिवणार हाय."

आता माझं सांगते.

एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत डबा सरांच्या टेबलावर होता. शनिवारची गर्दी नको म्हणून काही पोरं शुक्रवारीच चिठ्ठ्या टाकायची. सर बाहेर वह्या आणायला गेले होते. मी झाकण उघडलं. कारण विचाराल तर कुतूहल, दुसरं काही नाही. आत एकच चिठ्ठी होती, मोठी, कागदाच्या दोन्ही बाजूंनी भरलेली. एवढं डाव्या हातानं लिहिणं कुणालाच जमलं नसतं. लिहिणारीनं उजव्या हातानं लिहिलं होतं. अक्षर मी एका नजरेत ओळखलं. रेणुका. आठवीतली, तिसऱ्या बाकावरची, कमी बोलणारी.

तिनं लिहिलं होतं की मराठीच्या बाई निबंधातली चुकलेली वाक्यं वर्गात वाचून दाखवतात. सगळे हसतात. मी आमच्या घरी बोलतात तसं लिहिते, बाई त्याला गावंढळ म्हणतात. म्हणून आता मी गाईडमधला निबंध पाठ करून लिहिते. त्याला बाई छान म्हणतात. सर, तुम्ही बाईंना सांगू शकता का, पण माझं नाव नको.

नाव तिनं लिहिलंच नव्हतं, तरी 'माझं नाव नको' असं लिहिलं होतं.

मला राग आला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण राग आला असता तर निदान कारण तरी राहिलं असतं. मला ते पटलं. तक्रार रास्त आहे, तर ताबडतोब मिटवून टाकावी, हा माझा स्वभाव. गळका नळ दिसला की मी प्लंबरची वाट बघत नाही. चिठ्ठी घडी करून मी माझ्या पुस्तकात घातली. पाचवा तास आठवीवर माझाच होता. वर्गात गेले, हजेरी घेतली आणि म्हणाले, "रेणुका, उभी राहा. तुझं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं. उद्यापासून कुणाचीच वाक्यं मी वाचून दाखवणार नाही. तुझं बरोबर आहे. बस."

मला वाटलं मी मोठेपणा दाखवला. चूक कबूल करणारी बाई त्या शाळेत दुसरी नव्हती. वर्ग टाळ्या वाजवेल असं नाही, पण निदान हलेल असं वाटलं होतं. कुणी हललं नाही. रेणुका बसली ती मान खाली घालून, आणि तिच्या शेजारणीनं आपलं दप्तर थोडं बाजूला ओढलं. तरी मला कळलं नाही. मी धडा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सरांच्या वर्गात डबा उघडल्याचा आवाज आला. कागद उलगडल्याचा. मग परत एक उलगडल्याचा. आणि परत. सर काहीच वाचत नव्हते. माझी पोरंही आडोशाकडं बघायला लागली. बऱ्याच वेळानं सरांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"त्रेचाळीस. सगळ्या कोऱ्या."

त्यांनी एकेक उलगडून बघितली होती. एखादी तरी असेल म्हणून.

मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून त्यांनी चहा घेतला. कप ठेवताना म्हणाले, "बाई, काल डबा उघडला व्हता का?"

"हो."

"बरं." मग म्हणाले, "तुमच्यावरची चिठ्ठी माझ्या हाती आली असती तर मी तुमाला चहाला नेलंच असतं की."

"मी वर्गात सांगू का, की मीच उघडला?"

"ते तुमचं तुमी बघा."

मला वाटलं ते म्हणतील, सांगा. म्हणजे मी सांगितलं असतं. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, "विषय वाढवू नका. शिक्षक चोरून वाचतात असं गावात झालं तर आपलीच शोभा." मला ते सोयीचं होतं, म्हणून पटलं.

पुढचा शनिवारही कोरा गेला. तिसऱ्या शनिवारी एक चिठ्ठी आली. सरांनी ती नेहमीसारखी मोठ्यानं वाचली, म्हणून मला ऐकू आली.

"'सर, रेणुकाचं नाव तुमी सांगितलं का?'"

मी फळ्यावर लिहीत होते. हात थांबला. एका शब्दात सुटणारं काम होतं. सरांनी 'न्हाई' म्हटलं असतं तर पोरांनी पुढचं नाव स्वतःच काढलं असतं. आडोशाला दार नव्हतं, एका बाजूनं वळसा घालून दहा पावलांत मी त्या वर्गात पोचले असते.

"डबा माझा हाय," सर म्हणाले. "माझ्या ताब्यातून गोष्ट बाहेर गेली. तर चूक माझी."

"म्हंजी तुमीच ना, सर?" हे कुणीतरी तोंडी विचारलं. पोरांनी सरांनाच तोंडावर विचारावं, याची सर इतके महिने वाट बघत होते, आणि ते असं आलं.

"माझी चूक हाय म्हणालो ना मी."

मी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं. कोणतं होतं ते आठवत नाही.

त्यानंतर सर वर्षाच्या शेवटापर्यंत दर शनिवारी डबा फिरवत राहिले. पोरं चिठ्ठ्या टाकत राहिली, कारण टाकायचा नियम होता. सर त्या उलगडत राहिले. 'कुठपर्यंत आलाव?' विचारलं की वर्ग म्हणायचा, 'आलो, सर.' मैदानावर कुणीतरी त्यांना 'खबऱ्या' असं नाव ठेवलं आणि ते टिकलं. ते सरांच्या कानावर गेलं असणार. लहान शाळेत असं काही लपत नाही.

रेणुका दहावीला मराठीत शाळेत पहिली आली. सगळे निबंध पाठ केलेले. सराव परीक्षांत चांगले गुण मीच दिले, देणं भाग होतं. चूक कुठंच नव्हती. तिच्या घरच्यासारखं एकही वाक्य मी नंतर वाचलं नाही. गणितात ती काठावर राहिली. विचारायचं तिनं बंदच केलं होतं.

दोन वर्षांनी तुकड्या कमी झाल्या, सर अतिरिक्त ठरले आणि त्यांचं समायोजन गंगाखेडच्या पलीकडच्या एका शाळेत झालं. निरोप समारंभात मुख्याध्यापक 'विद्यार्थीप्रिय' म्हणाले. मागं दहावीची पोरं हसली. सरांनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

नंतर ते मला एकदाच भेटले. परभणीत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, ऑनलाइन गुणनोंदीचं. शिकवणाऱ्या तरुणानं भराभरा पडद्यावर पानं उलटली आणि विचारलं, "काही शंका?" दीडशे शिक्षक. कुणी हूं की चूं केलं नाही. मग मधल्या रांगेतून सर उभे राहिले. केस पांढरे झाले होते, पँट तशीच वर ओढलेली.

"तिसऱ्या पानापासून मला कळंना गेलंय."

"खंदारे सर, बसा हो," मागून कुणीतरी म्हणालं. "गाडी चुकल."

"चुकू द्या. दुसरी येते."

हसले सगळे. पण तरुण तिसऱ्या पानावर परत गेला. मग दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, मग आणखी तिघांनी. मला दुसऱ्या पानापासूनच कळलं नव्हतं. मी हात वर केला नव्हता.

संध्याकाळी बसस्थानकावर ते बाकावर शेंगा खात बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

"सर, ते डब्याचं," मी म्हणाले. "तेव्हा मी वर्गात येऊन सांगायला पाहिजे होतं."

"व्हय, पाहिजे व्हतं." त्यांनी टरफलं पिशवीत टाकली. "पण मला कशाला सांगायलाव आता? मला तर ठाऊकच व्हतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

"कुठं सापडणार ती पोरं?"

"रेणुकाची धाकटी बहीण हाय की तुमच्या शाळेत. नववीला."

ते मला माहीत होतं. त्यांना माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले.

"बघा."

ती धाकटी पुढची दोन वर्षं माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसली, दहावी झाली आणि गेली. रोज सांगता येण्यासारखं होतं, म्हणून रोज उद्यावर टाकलं. आता सर नाहीत, तेव्हा इथंच लिहिते. त्या वर्षी आठवीत असलेलं कुणी हे वाचत असेल, तर रेणुकाची चिठ्ठी तुमच्या सरांनी कुणाला दाखवली नव्हती. ते खोलीत नसताना मी डबा उघडला आणि वाचली. तुम्ही त्यांना विचारलंत तेव्हा मी आडोशाच्या अलीकडं उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

बसस्थानकावरच्या त्या संध्याकाळी पोखर्णीवरून जाणारी गंगाखेडची गाडी आली. गर्दी फार होती. सर कोपरानं वाट काढत चढले आणि माणसांच्या मधे कुठंतरी अडकले. मी खिडकीपाशी जाऊन हात केला, "सर!" अशी हाकही मारली. काचेवर धूळ होती. कुणीतरी हाक मारतंय एवढं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान वळवली. पण वळवली ती दुसऱ्याच बाजूला. तिकडं कुणी नव्हतं. ते बघत राहिले, आणि गाडी सुटली.